मी बोलावलेली पालकसभा

आमच्या घरात सासू-सुनेचं कधी भांडण झालं नाही. शेजारणींना याचं भारी कौतुक. माझी आई अकोल्याहून फोनवर "नशीब काढलंस पोरी" म्हणायची, आणि मीही बरीच वर्षं ही गोष्ट चारचौघांत मिरवत होते. आता वाटतं, एखादं कडाक्याचं भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. निदान कोण कोणाला काय सांगतंय ते तरी कळलं असतं.

सासूबाई स्वारगेटपासून चालत जाण्यासारख्या एका मराठी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या. उंची बेताची, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरचं मूल पेन्सिल चावायचं थांबे. घरात मात्र तो आवाज कधी चढला नाही. त्यांच्या सासूने त्यांना साडीच्या रंगापासून मुलाच्या नावापर्यंत एकाही बाबतीत तोंड उघडू दिलं नव्हतं. त्याच वेळी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपली सून येईल तेव्हा तिच्या कुठल्याही निर्णयात आपण नाक खुपसायचं नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून हे सांगितलं. "तुला काही विचारावंसं वाटलं तर विचार. न विचारता मी बोलणार नाही." माझ्या मैत्रिणींच्या सासवा आठवून मला तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. तेव्हा आयटीला नुकतं भरतं आलं होतं. सकाळी स्वारगेटच्या कोपऱ्यावर कंपनीची बस धरायची आणि संध्याकाळी पार पिळून निघून परत यायचं. माझं काम प्रोग्राम लिहिण्याचं कमी आणि बोलण्याचं जास्त होतं. आमची टीम काय करू शकते, ते परदेशातल्या क्लायंटला पटवून द्यायचं. सुरुवात कशी करायची, मुद्दे किती ठेवायचे, समोरचा शंका काढणार त्या आधीच ओळखून उत्तरं कशी तयार ठेवायची, हे सगळं मला चांगलं जमायचं. नव्या पोरांना मी शिकवायचे, "आधी समोर कोण बसलंय ते बघा, मग बोला." हे मी रोज सांगत असे, आणि ऐकणारी पोरं मान डोलवत असत.

पण मला हे जन्मतः येत नव्हतं. माझी शाळा सगळी मराठीत झालेली. इंजिनिअर होऊन पुण्यात पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या तिघांनी अगदी साधं विचारलं होतं, स्वतःबद्दल सांगा. इंग्रजीत. माझ्या डोक्यात सगळं होतं आणि तोंडातून एक वाक्य बाहेर येईना. त्यातल्या एका भल्या गृहस्थाने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. तो ग्लास सरकवणं मला आजही त्यांनी हाकलून देण्यापेक्षा जास्त झोंबतं. त्या दिवशी जिना उतरताना मी ठरवलं की माझ्या मुलावर ही पाळी येऊ द्यायची नाही. नवऱ्याला हे माहीत होतं. सासूबाईंना मी कधी सांगितलं नाही. त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांच्यासमोर हे गाऱ्हाणं कशाला, असं वाटायचं.

मुलगा बालवाडीतून पहिलीत जायच्या वयाचा झाला त्या वर्षी एका इंग्रजी शाळेत त्याचा प्रवेश पक्का झाला. आम्ही रात्री जेवताना सासूबाईंना तसं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी कोशिंबिरीचा वाडगा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बरं. बस कुठपर्यंत येते?" बस कोपऱ्यापर्यंत येते म्हटल्यावर "मग सोयीचं आहे" म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मी तर त्या गप्प बसण्याला मोठेपणा म्हणून नवऱ्याला ऐकवलंही.

त्याच वर्षी त्यांच्या शाळेवर संकट आलं होतं. पहिलीला पुरेशी मुलं मिळत नव्हती. एकेकाळी त्या शाळेत सरकारी कचेरीतल्या कारकुनांची मुलं, डॉक्टरांची मुलं, मार्केट यार्डातल्या हमालांची मुलं एका बाकावर बसत. डॉक्टरांची केव्हाच गेली, मग कारकुनांची गेली. आता हमालसुद्धा मुलाच्या गळ्यात टाय बघायला उत्सुक होता, आणि त्याचं तरी काय चुकत होतं. पण यंदा पहिली उघडली नाही तर पुढच्या वर्षी दुसरी नाही, मग तिसरी नाही. शाळा तळातून रिकामी होत जाणार, हे सासूबाई घरी कधीतरी सहज बोलून गेल्या होत्या.

प्रवेशाचं सांगितल्याला आठवडा झाला असेल. रविवारची सकाळ होती. नवरा मुलाला घेऊन बागेत गेलेला. मी चहा घेत वर्तमानपत्र चाळत होते. सासूबाई एक पाठकोरा कागद हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना अवघडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पहिलीच्या प्रवेशाबद्दल थोडं बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला असं एकदम नीट मांडता येत नाही, म्हणून मुद्दे काढलेत. ऐकतेस का जरा?"

मला काय आनंद झाला. सासूबाई माझ्याकडे माझ्या कामातली मदत मागत होत्या. मी वर्तमानपत्र बाजूला टाकलं, त्यांच्या हातातून कागद घेतला आणि वाचत सुटले. मुलाला पहिल्या वर्षांत घरचीच भाषा का हवी, इंग्रजी केव्हा आणि कसं शिकवावं, असं बरंच काही मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"अहो आई, हे फार चांगलं आहे," मी म्हणाले. "पण असं एकेकाला पकडून सांगून कितीजणांना सांगणार? पालकसभा बोलवा. शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. भाषण मी बसवून देते तुमचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कागदाकडे बघितलं. "पालकसभा," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "बोलावता येईल."

आणि मी कामाला लागले. एकदा पदर खोचला की मी कोणाचं ऐकत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे सकाळी बस गाठण्याआधी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी आमची तालीम चाले. सासूबाई खिडकीपाशी उभ्या राहत, मी सोफ्यावर पालक होऊन बसे. त्यांचं मूळ लिखाण निबंधासारखं होतं. सुरुवातीलाच एक संस्कृत सुभाषित होतं. मी ते उडवलं. "लोक घरची कामं टाकून येणार. त्यांना आधी त्यांची भीती सांगा. इंग्रजी आलं नाही तर पोराचं कसं होणार, ही भीती तुम्हाला कळते असं त्यांना वाटलं पाहिजे." त्यांनी लिहून घेतलं. शाळेतल्या मुलीसारखं मुकाट्याने लिहून घेतलं.

त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा त्यांचाच होता. त्या म्हणत, मूल शाळेत एकदा शिकतं आणि घरी येऊन सांगतं तेव्हा दुसऱ्यांदा शिकतं. शाळेत वेगळी भाषा आणि घरात वेगळी असली की सांगायचं अडतं. मग आजीने विचारलं, काय झालं शाळेत, तर मूल म्हणतं, काही नाही. "ते 'काही नाही' ऐकलं ना, की समजावं, दुसऱ्यांदा शिकणं बंद झालं," असं म्हणून त्या थांबत. मला ते थांबणं फार आवडे. मी त्यांना तिथे आणखी थोडं थांबायला लावलं.

त्याच्या पुढे एक परिच्छेद होता. घरात एक माणूस असं असतं ज्याच्याकडे वेळच वेळ असतो, उद्या नोकरीतून मोकळं झाल्यावर तर अधिकच. त्या माणसाला मुलाचा अभ्यास घेता आला पाहिजे, त्याचीही तेवढीच इच्छा असते, असं काहीसं. सासूबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मी पेन घेऊन बसलेली. म्हणाले, "आई, हे काढू या. सगळ्यांच्या घरी आजी नसते. आणि जरा वैयक्तिक वाटतं." त्यांनी त्या ओळींवर एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता त्यांना इतकी सरळ रेघ मारता येई.

मग शंकांची तालीम. मी पालक होऊन उलटे प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरं द्यायची. एक दिवस मी विचारलं, "बाई, उद्या माझ्या पोराला मुलाखतीला बोलावलं, त्याला सगळं येतंय आणि तरी तोंडच उघडता आलं नाही, तर तिथे तुम्ही येणार आहात का? लोक पाणी पुढे करतात, बाई. कीव करतात. ते कोणी सोसायचं?" माझा आवाज चढला होता. विचारून झाल्यावर माझे कान गरम झालेले मला जाणवले.

सासूबाई खिडकी सोडून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि कागदाकडे न बघता म्हणाल्या, "त्याला इंग्रजी मी शिकवीन. पहिलीपासून, रोज. आपल्या भाषेचं बोट धरून पलीकडे जाता येतं गं. एकटं ढकलून द्यायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याचं तोंड मिटू देणार नाही मी."

"हे उत्तर घ्या," मी म्हणाले. "असंच्या असं घ्या."

"पटतंय?" त्यांनी विचारलं.

"अहो, पालकांना नक्की पटेल," असं म्हणून मी बस पकडायला पळाले. त्या दिवशी बसमध्ये मी खुशीत होते. सासूबाई तयार झाल्या होत्या.

सभेची सगळी व्यवस्था मी केली. चिठ्ठ्या छापून घेतल्या, रेशनच्या दुकानात आणि रिक्षास्टँडवर लावल्या, भाड्याने माईक आणला. शनिवारी हॉल बऱ्यापैकी भरला. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सासूबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिल्या दोन वाक्यांत हॉल शांत झाला. मी त्यांना शिकवलेलं सगळं त्यांनी केलं, आणि मी न शिकवलेलंही केलं. त्या विनवत नव्हत्या, रागावत नव्हत्या. 'काही नाही'पाशी त्या थांबल्या तेव्हा पुढे बसलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जिंकलं. पहिली भरली.

भाषण झाल्यावर शंका विचारायला सांगितल्या. एक-दोन प्रश्न आमच्या तालमीतलेच आले. मग मधल्या रांगेतला एक चष्मेवाला तरुण उठला. एका ऑफिसात नोकरीला होता, मुलीला कडेवर घेऊन आला होता.

"बाई, मी तुमचाच विद्यार्थी," तो म्हणाला. "राग मानू नका, पण विचारतो. आपला नातू जूनपासून कुठल्या शाळेत जाणार?"

पुण्यात असा प्रश्न इतक्या अदबीने विचारतात की रागावायचीही सोय राहत नाही. क्लायंटच्या दहा शंका आधी ओळखणारी मी, मला हा एक प्रश्न सुचला नव्हता. सगळ्यांच्या माना वळतील असं वाटलं, पण मी कोण हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. फक्त सासूबाईंना माहीत होतं, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून त्या समोरच्या दाराकडे बघत होत्या.

"इंग्रजी शाळेत जाणार आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईवडिलांनी पूर्ण विचार करून ठरवलंय. त्याच्या काळजीपोटी ठरवलंय. तो निर्णय त्यांचाच असायला हवा, आणि मला त्याचा आदर आहे. तुम्ही जे ठरवाल त्याचाही मी करीन."

एवढं बोलून त्या बसल्या. म्हटलं तर त्यांना सांगता आलं असतं की मला कोणी विचारलं नाही. सून ऐकत नाही असं नुसतं हसत म्हटलं असतं तरी अर्धा हॉल त्यांच्या बाजूने झाला असता, सुनेबद्दलच्या तक्रारीला आपल्याकडे सहानुभूती कधी कमी पडत नाही. त्यांनी माझ्यावर एक शिंतोडा उडू दिला नाही. आणि त्याच वाक्याने स्वतःचं सगळं भाषण मागे घेतलं.

टाळ्या मात्र खूप पडल्या. तो चष्मेवाला येऊन पाया पडला. "भाषण उत्कृष्ट झालं, बाई," म्हणाला. आणखी बरेच जण तसंच म्हणाले. आमच्या गावात भाषणाला मार्क द्यायची सवय आहे. मार्क दिले की लोक सुटल्यासारखे घरी जातात. नावं नोंदवायला थोडेच थांबले. त्यात तो नव्हता.

परत येताना रिक्षात मी त्या माणसावर घसरले. खोचक आहे, मुद्दाम विचारलं, वगैरे. सासूबाई म्हणाल्या, "खोचक नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं काय करावं." मग मी म्हणाले की प्रश्नोत्तरं ठेवायलाच नको होती. त्यावर त्यांनी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्या जूनमध्ये पहिली उघडली नाही. आलेली चार पोरं दुसऱ्या शाळेत पाठवली. पुढच्या वर्षी सासूबाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांत शाळाही मिटली. आमचा मुलगा इंग्रजी शाळेत हुशार निघाला. कोणीही पाण्याचा ग्लास पुढे करणार नाही असं फाडफाड बोलायला लागला. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, आजही करत नाही. पण शाळेतून आला की सासूबाई दार उघडून विचारत, "काय झालं रे आज?" आणि तो बूट काढता काढता म्हणे, "काही नाही, आजी." एकदा त्याला अपूर्णांक अडले तेव्हा त्या मोठ्या हौसेने वही घेऊन बसल्या. अंश, छेद म्हणाल्या. त्याला अंश कळेना, छेद कळेना. "आजी, राहू दे, टीचरला विचारेन," तो म्हणाला, वाईट रीतीने नाही. त्यांनी वही मिटून त्याच्या दप्तरात ठेवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला वाईट वाटलं आणि मी कणीक मळायला परत वळले.

मुलगा कॉलेजसाठी बंगलोरला गेला त्यानंतरची गोष्ट. मी आता कंपनीत लोकांना बोलायला शिकवण्याचंच काम करते. एका शनिवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी त्यांना खूश करावं म्हणून म्हणाले, "आई, काल वर्गात तुमच्या भाषणाचं उदाहरण दिलं. समोरच्याची भीती आधी सांगावी, ते."

"कुठलं गं भाषण?"

"पालकसभेचं. एवढं चांगलं भाषण, वाया गेलं बघा."

त्या हसल्या. एक जुडी संपवून दुसरी सोडली. "ते भाषण नव्हतंच," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी मुद्दे काढले होते. म्हणजे तुम्हा दोघांसाठी, पण तो काय, तू म्हणशील त्याला हो म्हणाला असता. न विचारता बोलायचं नाही असा शब्द दिलेला, म्हणून आठवडाभर धीर होईना. शेवटी म्हटलं, एकदा मांडून तर बघू. नातू माझ्या शाळेत यावा, असं फार वाटत होतं गं."

माझे हात थांबले. त्या रविवारपासूनचं एकेक मला दिसायला लागलं. खिडकीपाशी उभं राहून त्या रोज सकाळी माझ्याशीच बोलत होत्या, आणि मी त्यांना आवाज कुठे खाली आणायचा ते सांगत होते. मला रडू आवरेना.

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?" मी विचारलं. "मी पालकसभा म्हटलं तेव्हाच सांगायचं ना मला."

त्यांनी मेथीची एक पिवळी पडलेली काडी बाजूला काढली.

"तू किती मनापासून मदत करत होतीस," त्या म्हणाल्या. "मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं."